पोर्टल चालू आहे, म्हणजे नेमकं काय?

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. जगभर सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांपुढे त्या दिवशी एकच प्रश्न होता: आपल्याकडे लॉगफोरजे आहे का, आणि असेल तर कितव्या आवृत्तीचं? जावात लिहिलेल्या असंख्य प्रणाली रोजच्या नोंदी लिहायला ही छोटी लायब्ररी वापरतात. तिच्यातल्या एका फटीमुळे, खास घडवलेली एक ओळ त्या नोंदींपर्यंत पोचवली की परक्या माणसाला सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता. त्रुटींची तीव्रता मोजायच्या पट्टीवर तिला १० पैकी १० गुण पडले. दुरुस्ती तशी सोपी होती, नवी आवृत्ती बसवायची. आपल्या घरात काय काय आहे हे शोधून काढण्यातच लोकांच्या रात्री गेल्या.

सरकारी खुल्या डेटाची पोर्टलंही या धावपळीत होती. त्यांतली बरीच सीकॅन या मुक्तस्रोत प्रणालीवर उभी आहेत. सीकॅन पायथनमध्ये लिहिलेलं आहे, पण शोधाचं काम ते अपाचे सोलरकडे सोपवतं, आणि सोलर जावातलं. सोलरच्या ७.४.० ते ७.७.३ आणि ८.०.० ते ८.११.० या आवृत्त्यांत ही फट होती; ८.११.१ मध्ये ती बुजवली गेली. जे अजून सोलर ६ वर होते त्यांच्याकडे लॉगफोरजेची आधीची पिढी होती, त्यामुळे ही विशिष्ट फट त्यांच्याकडे नव्हतीच. म्हणजे पोर्टल धोक्यात आहे की नाही, याचं उत्तर एका आकड्यात होतं. तो आकडा पोर्टलच्या ॲडमिन विभागात कुठेही दिसत नव्हता. सीकॅनच्या मूळ ॲडमिन पानावर ॲडमिन असलेल्या लोकांची यादी मिळते, पोर्टलचं नाव आणि बोधचिन्ह बदलता येतं, आणि काढून टाकलेल्या डेटासंचांची कचरापेटी रिकामी करता येते. यंत्राबद्दल तिथे काहीच नाही.

ही उणीव भरून काढायला वेगवेगळ्या प्रणालींनी काय काय केलं, त्यातलं काय उपयोगी पडतं आणि काय नुसतं पाहायला बरं वाटतं, हे एकत्र पाहावं असं बरेच दिवस मनात होतं. विषय तांत्रिक आहे, पण त्याच्या टोकाला माणूस आहे. धरणातला साठा, रुग्णालयांतल्या खाटा, पालिकेचं अंदाजपत्रक हे आकडे कुणी पोर्टलवरून उतरवून घेतो, त्यावरून बातमी लिहितो, न्यायालयात अर्ज करतो. पोर्टल बंद पडलं तर निदान त्याला कळतं तरी. पोर्टल उघडतंय पण आतला डेटा चार महिन्यांपूर्वी गोठलाय, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

सीकॅन सुरू झालं ते ब्रिटनमध्ये, रूफस पोलॉक यांनी केंब्रिजला स्थापन केलेल्या ओपन नॉलेज फाउंडेशनच्या छत्राखाली. जानेवारी २०१० मध्ये ब्रिटिश सरकारचं डेटा पोर्टल त्यावर खुलं झालं आणि सीकॅनचं नाव झालं. २०१३ मध्ये अमेरिकेनंही आपलं केंद्रीय पोर्टल त्यावर नेलं. बाहेरून ते एक संकेतस्थळ दिसतं, आत मात्र चार-पाच वेगळे संसार असतात. डेटासंचांच्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये, शोधाचा इंडेक्स सोलरमध्ये, कामांची रांग रेडिसमध्ये, अपलोड केलेल्या फायली डिस्कवर, आणि या सगळ्यांना बांधणारं पायथनचं ॲप्लिकेशन. शिवाय जड कामं मागच्या मागे उरकणारा वर्कर वेगळाच चालत असतो. यातला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे आजारी पडू शकतो, आणि प्रत्येकाच्या आजाराची लक्षणं वेगळी.

सीकॅनच्या गाभ्यात यासाठी एक जुनी सोय आहे, ‘स्टेटस शो’ नावाची एपीआय क्रिया. पोर्टलच्या पत्त्यापुढे तिचं नाव जोडलं की पोर्टलचं शीर्षक, मूळ भाषा, सीकॅनची आवृत्ती आणि चालू असलेल्या एक्स्टेन्शनांची यादी हाती येते. तिच्यात दोन दोष आहेत. ती कुणालाही उत्तर देते, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर चाललेली पोर्टलं शोधत हिंडणाऱ्याला कष्टच पडत नाहीत. आवृत्तीचा आकडा लपवायची सोय बरीच उशिरा आली. दुसरं, उत्तर देताना ती सोलरकडे फिरकतही नाही. शोध साफ कोलमडलेला असतानाही ती सुखरूप उत्तर देऊ शकते. केवळ तिच्यावर पहारा बसवून निश्चिंत राहिलेल्या पोर्टलवर नागरिकांना शोधाच्या पानावर त्रुटीचा संदेश दिसत राहील, आणि आतल्या फलकावरचा दिवा हिरवाच असेल.

ही जागा भरायला लोकांनी प्लगिनं लिहिली. त्यांतलं ‘सेल्फइन्फो’ हे डेटाशेड्सच्या मंडळींनी केलेलं एक्स्टेन्शन मला नमुन्यादाखल घ्यावंसं वाटतं, कारण त्याची कल्पना साधी आहे: पोर्टलनं स्वतःबद्दल जे सांगता येईल ते सगळं एका पानावर सांगावं, आणि ते पान फक्त सिस्टम ॲडमिनला दिसावं. सर्व्हरची मेमरी किती वापरात आहे, डिस्क किती भरली, पायथनची कुठली पॅकेजं कितव्या आवृत्तीची आहेत आणि त्यांची नवी आवृत्ती आली आहे का, कोड गिटच्या कुठल्या शाखेवर आणि कुठल्या कमिटवर आहे, कुठल्या क्रिया आणि हेल्पर नोंदवलेले आहेत, अलीकडे कोणत्या चुका झाल्या.

गिटची माहिती बाहेरच्याला किरकोळ वाटेल, पण सीकॅनच्या जगात ती फार मोलाची आहे. इथे एक्स्टेन्शनं बहुधा थेट कोडच्या भांडारातून बसवली जातात. लेखक आवृत्तीचा आकडा वाढवायला विसरतो. तीन वर्षं काम चालू असतं आणि आकडा पहिल्या दिवशीचाच राहतो. अशा वेळी ‘०.०.१’ या आकड्याला काही अर्थ उरत नाही, कमिटच्या खुणेलाच असतो. क्रियांच्या यादीचंही तसंच. एखादं एक्स्टेन्शन सीकॅनची मूळ क्रिया बाजूला सारून तिच्या जागी स्वतःची बसवू शकतं, आणि कॉन्फिगच्या फायलीत एक्स्टेन्शनांची नावं कुठल्या क्रमाने लिहिली आहेत यावरही कोण कुणावर मात करतं हे ठरतं. ‘डेटासंच जतन होत नाही’ अशी तक्रार आली की, जतन करणारी क्रिया नेमकी कुणाची चालू आहे, हे आधी बघावं लागतं. पानावर ते दिसलं तर अर्धा दिवस वाचतो.

आणि हा अर्धा दिवस कुणाचा? सर्व्हरवर थेट लॉगिन असणाऱ्या अभियंत्याला असं पान लागत नाही. तो दोन कमांडी देऊन हे सगळं बघतो. पण पोर्टलची जबाबदारी ज्या अधिकाऱ्याच्या नावावर असते, त्याच्याकडे सर्व्हरची किल्ली बहुतेक नसतेच. ती डेटा सेंटरकडे किंवा कंत्राटदाराकडे असते. त्याच्या हातात एक ब्राउझर आणि एक ॲडमिन खातं. एखादी गोष्ट चालत नाही म्हणून तो फोन करतो, पलीकडून ‘आमच्याकडून सगळं ठीक आहे’ असं उत्तर येतं, आणि ते खरं की खोटं हे तपासायला त्याच्यापाशी काही नसतं. माझ्या मते सिस्टिम माहितीच्या पानाचं सगळ्यात मोठं काम हे आहे: जबाबदार माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावं. म्हणून त्या पानाची भाषाही त्याला कळणारी हवी. सध्या ती अभियंत्यानं अभियंत्यासाठी लिहिलेली असते.

इतर प्रणालींनी हा प्रश्न कसा सोडवला, तेही पाहायला हवं. भारत सरकारनं मार्च २०१२ मध्ये राष्ट्रीय डेटा देवाणघेवाण धोरण जाहीर केलं आणि त्याच वर्षी केंद्राचं खुल्या डेटाचं पोर्टल सुरू झालं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं ते अमेरिकेच्या साथीनं तयार केलेल्या, ड्रुपलवर आधारलेल्या मंचावर उभं केलं. ड्रुपलच्या गाभ्यात पूर्वीपासून ‘स्टेटस रिपोर्ट’चं पान आहे, आणि माझ्या पाहण्यातली ही सर्वांत शहाणी रचना. तिथे प्रत्येक मॉड्यूलला आपल्या गरजा स्वतः जाहीर करायला मुभा आहे: मला अमुक लायब्ररी लागते, ती सापडली नाही, माझ्या टेबलांत बदल बाकी आहेत, ही फाइल कुणीही लिहू शकतो, तिला कुलूप लावा. पान त्यांची वर्गवारी करतं: चूक, इशारा, ठीक. आणि त्यात एक ओळ असते, क्रॉन शेवटचं केव्हा चाललं. वेळच्या वेळी व्हायची कामं झाली की नाही, हे त्या एका ओळीत कळतं. सीकॅनच्या गाभ्यात एक्स्टेन्शनांना असं बोलतं करायची प्रथा नाही. २.१० पासून एक्स्टेन्शनं आपल्या सेटिंगांची रीतसर जाहीरनोंद करू शकतात आणि सीकॅन ती तपासतं, पण तपासणी कॉन्फिगच्या फायलीपुरतीच आहे.

वर्डप्रेसनं मे २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीबरोबर ‘साइट हेल्थ’ आणलं. त्यातलं एक बटण मला फार आवडतं: सगळी माहिती एका दमात कॉपी करायचं. मदत मागताना माणूस ती तशीच चिकटवतो आणि ‘तुमची पीएचपी कितवी?’ या प्रश्नोत्तरांत दोन दिवस जात नाहीत.

विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी वापरलं जाणारं डीस्पेस आपल्याकडे शोधगंगेमुळे ठाऊक आहे. पुण्या-मुंबईचे प्रबंधही तिथेच जातात. डीस्पेसच्या सातव्या मालिकेत ॲडमिनसाठी आरोग्याचं पान आलं, आणि त्याची तऱ्हा वेगळी आहे. मेमरी-डिस्कच्या आकड्यांऐवजी ते एकेका अवयवाला हाक मारून बघतं: डेटाबेस उत्तर देतोय का, शोधाचा सोलर विभाग देतोय का, आकडेवारीचा वेगळा विभाग देतोय का. उत्तरंही तीन प्रकारची: चालू, चालू पण अडचण आहे, बंद. मधली पायरी महत्त्वाची आहे, कारण खऱ्या आयुष्यात बहुतेक पोर्टलं तिथेच असतात. नकाशांच्या जगातल्या जिओसर्व्हरमध्येही सर्व्हरच्या स्थितीचं पान आहे. त्यावर जावाच्या मेमरीचा आकडा आणि शेजारी ती मोकळी करायचं बटणही आहे. पान नुसतं वाचायचं की त्यावरून काही करताही यावं, हा वाद त्या बटणानं उभा केला आहे. डेटा पोर्टलसाठी माझं मत न करण्याच्या बाजूनं पडतं. घाबरलेल्या माणसाच्या हाताशी बटण नसलेलं बरं.

आता आकड्यांकडे. या पानांवर सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो मेमरीचा आकडा, आणि तोच सगळ्यात जास्त चकवतो. लिनक्स रिकामी मेमरी पडून राहू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली तिच्यात ठेवतो, म्हणजे पुन्हा मागितल्या की डिस्ककडे जावं लागत नाही. कुणा प्रोग्रॅमला गरज पडली की ती जागा लगेच सोडतो. त्यामुळे निरोगी सर्व्हरवरही ‘मोकळी’ मेमरी नगण्य दिसते. यावर उपाय म्हणून लिनक्सच्या गाभ्यात २०१४ मध्ये ‘उपलब्ध’ असा वेगळा आकडा आला: गरज पडल्यास खरोखर किती देता येईल याचा अंदाज. पानावर हाच दाखवायला हवा. मोकळ्या मेमरीचा लाल पट्टा पाहून सर्व्हर वाढवून मागणारं कार्यालय जनतेचा पैसा विनाकारण घालवतं.

डॉकरमध्ये चाललेल्या पोर्टलवर गफलत आणखी वाढते. पायथनमधली पीएसयूटिल ही लायब्ररी मेमरीचे आकडे लिनक्सच्या ‘प्रॉक’ फायलींतून वाचते, आणि कंटेनरच्या आतून त्या फायली अख्ख्या यजमान यंत्राचा हिशेब सांगतात. कंटेनरला २ जीबीची मर्यादा असेल आणि यंत्राला ६४ जीबी, तर पान ६४ मधले भरपूर शिल्लक दाखवेल, आणि वर्कर मात्र २ जीबी ओलांडली म्हणून मारला जाईल. कोडची गिटची वहीही डॉकरच्या प्रतिमेत बहुधा बरोबर नेलेली नसते, म्हणजे ती ओळ कोरी. आणि पोर्टल दोन-तीन यंत्रांवर वाटलेलं असेल, तर पान त्या क्षणी ज्या यंत्रानं उत्तर दिलं त्याचंच सांगतं. पुन्हा उघडलं की आकडे बदलतात, आणि बघणाऱ्याचा त्यांच्यावरचा विश्वास उडतो. सोलर आणि पोस्टग्रेस तर बहुधा तिसरीकडेच असतात. त्यांची डिस्क या पानाला दिसतही नाही.

डिस्क भरण्याची गोष्ट खरी भीतीची आहे. पोस्टग्रेसला आपली व्यवहारनोंद लिहायला जागा उरली नाही की तो स्वतःला बंद करून घेतो, आणि तेव्हा पोर्टल उभं राहत नाही. पण ९० टक्के भरलेली डिस्क आणि ९० टक्के भरलेली डिस्क यांत फरक असतो: एक गेलं वर्षभर ९० वर आहे, दुसरी मागच्या आठवड्यात ६० वर होती. एका क्षणाचं चित्र दाखवणारं पान हे सांगू शकत नाही. शिवाय जागा शिल्लक असूनही नव्या फायली बनत नाहीत अशी वेळ येते, कारण फायलींच्या नोंदी ठेवणारे आयनोड संपलेले असतात. सीकॅनच्या जुन्या मालिकांत भेट देणाऱ्यांच्या सेशनच्या छोट्या फायली डिस्कवर साठत राहायच्या. तिथे हा धोका चांगलाच होता. आयनोडचा आकडा मात्र क्वचितच कुणी दाखवतं.

‘नवी आवृत्ती उपलब्ध’ ही खूणही जपून वाचावी लागते. सीकॅनमध्ये शेवटचा आकडा बदलणं, म्हणजे २.१० च्या मालिकेतच पुढच्या दुरुस्तीवर जाणं, हे बिनधास्त आणि लवकर करायचं काम. मधला आकडा बदलणं, म्हणजे २.१० वरून ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या २.११ वर जाणं, हा वेगळा प्रकल्प: डेटाबेसची रचना बदलते, सोलरचा आराखडा बदलू शकतो, इंडेक्स नव्याने बांधावा लागतो, आणि प्रत्येक एक्स्टेन्शन चालतं का ते तपासावं लागतं. पान दोन्हींना एकच खूण लावत असेल तर अधिकारी एक तर सगळ्याला घाबरतो किंवा सगळ्याकडे डोळेझाक करतो. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, सीकॅन २.९ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायथन ३ घेऊन आलं, २०२३ च्या २.१० नं पायथन २ साफ सोडलं. ज्यांनी मधली पायरी टाळली त्यांना पुढे सगळं एकदम करावं लागलं. आणखी एक बारीक गोष्ट: नवी आवृत्ती आली का हे विचारायला पानाला इंटरनेटवर जावं लागतं, आणि सरकारी डेटा सेंटरमधून बाहेर जायची वाट बहुधा बंद असते. उत्तराची वाट पाहत पान लटकू नये म्हणून ते आधीच आणून रेडिसमध्ये ठेवणं, आणि ते केव्हा आणलं हे शेजारी लिहिणं, एवढी काळजी घ्यावी लागते.

पण मेमरी, डिस्क, आवृत्त्या या गोष्टी कुठल्याही सर्व्हरच्या. डेटा पोर्टलचं म्हणून जे आहे ते या पानांवर सहसा नसतं, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. सीकॅनचा वर्कर बंद पडला तर पहिल्या पानाला ओरखडाही येत नाही. शोध चालतो, फायली उतरतात. फक्त नव्या फायलींतली कोष्टकं सीकॅनच्या डेटास्टोअर या कोष्टकांच्या साठ्यात बहुधा भरली जात नाहीत, आणि दुसऱ्या पोर्टलांवरून नोंदी गोळा करणाऱ्या हार्वेस्टिंगचे वेगळे वर्कर बंद पडले तर तेही मागच्या मागे थांबतं. रेडिसमधली रांग मात्र लांबत जाते. ती किती लांब आहे आणि सगळ्यात जुनं काम केव्हापासून पडून आहे, हे दोन आकडे पानाच्या माथ्यावर हवेत. त्यांच्या खाली तिसरा: पोस्टग्रेसमध्ये सार्वजनिक डेटासंच किती आणि सोलरच्या इंडेक्समध्ये किती. दोन्हींत तफावत असेल तर काही डेटासंच पोर्टलवर असूनही कुणाला सापडत नाहीत. सीकॅनची इंडेक्स तपासायची कमांड हे सांगते, पण ती चालवायला पुन्हा सर्व्हरची किल्ली लागते. आणि चौथा, प्रत्येक स्रोतावरून शेवटचं यशस्वी हार्वेस्ट कोणत्या तारखेला झालं. ड्रुपलची क्रॉनची ओळ जे काम करते तेच हे.

गुप्ततेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण एक आठवण द्यायला हवी. पीएचपीच्या जगात ‘पीएचपी इन्फो’ची फाइल चाचणीसाठी ठेवायची आणि काढायला विसरायचं, ही चूक इतक्यांनी केली की हल्लेखोर तिचा पत्ता आधी चाचपतात. आवृत्त्या, फायलींचे मार्ग, कधी पासवर्डही त्यात उघडे पडतात. सिस्टिम माहितीचं पान सिस्टम ॲडमिनपुरतं ठेवणं हे योग्यच, पण चुकांच्या नोंदींत डेटाबेसचा पत्ता पासवर्डासकट उमटू शकतो, आणि ॲडमिनची खाती पाच-पाच लोकांत वाटलेली असतात हेही आपल्याला ठाऊक आहे. गुपितं पानावर यायच्या आधीच गाळली पाहिजेत.

शिवाय हे पान पोर्टलच्या आतच राहतं. पोर्टल कोसळलं की तेही कोसळतं, म्हणजे सगळ्यात जास्त गरजेच्या वेळी ते नसतं. त्याला बाहेरच्या पहारेकऱ्याची जोड लागतेच. तो फार हुशार असण्याची गरज नाही: दर काही मिनिटांनी पोर्टलला एक खरा शोध करायला लावायचा, शून्य नोंदी मागायच्या पण एकूण संख्या विचारायची, आणि ती संख्या कालच्यापेक्षा अचानक घटली तर संदेश धाडायचा. ‘स्टेटस शो’पेक्षा हे कितीतरी प्रामाणिक, कारण हा प्रश्न सोलरपर्यंत जाऊन येतो.

राहिला कंत्राट संपण्याचा दिवस. जुनी मंडळी जातात, नवी येतात, आणि मधे एक पोर्टल उभं असतं ज्याची कागदपत्रं पहिल्या वर्षानंतर कुणी सुधारलेली नसतात. त्या दिवशी पोर्टलच्या पोटातलं खरं वर्णन या एका पानावर असतं: कुठली पॅकेजं, कुठलं एक्स्टेन्शन कुठल्या कमिटवर, कुठल्या क्रमाने, सोलर कितवं, पोस्टग्रेस कितवा. वर्डप्रेससारखं सगळं एकदम कॉपी करायचं बटण अशा प्रत्येक पानावर हवं, आणि शेवटच्या बिलासोबत त्या दिवशीची प्रत जोडायची अट निविदेतच लिहिलेली हवी.